झऱ्याला क्ष मानू

साडेअकराला इंजिनाने आचका दिला. पाइपातून पाण्याऐवजी आधी फेस आला, मग फसफस, मग नुसती हवा. धाकटीने हातातलं फावडं तिथंच टाकलं आणि पाटाच्या कडेने पळत सुटली. पाण्याशिवाय चाललेलं इंजिन जळतं, आणि जळलं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे तिला लग्न झाल्यापासून पाठ होतं. छपरात शिरून तिने इंजिन बंद केलं आणि धापा टाकत भिंतीला टेकली. भिंतीवर सासऱ्यांच्या वेळचं घड्याळ होतं. काल साडेअकरा, परवा साडेअकरा, आजही साडेअकराच. पाणी संपायची वेळ इतकी नेमाने पाळणारी विहीर तिने दुसरी पाहिली नव्हती.

थोरला आणि धाकटीचा नवरा धाकटा, या दोन भावांत ती एक विहीर आणि एक इंजिन. सासरे जाताना सांगून गेले होते, की सकाळी सहा ते दहा थोरल्याची पाळी, दहा ते दोन धाकट्याची, दोननंतर विहिरीला विसावा. दोघांना वाफेही सारखेच, एकशेवीस, दोरी लावून आखलेले. इतकी वर्षं त्यावरून कधी शब्दाने शब्द वाढला नव्हता, कारण विहीर भरलेली असायची आणि भरल्या घरात कोण किती खातो हे कुणी मोजत नाही. यंदा उन्हाळा आला तो जायचं नाव घेईना. सोळा वर्षांत धाकटीने जो तळ पाहिला नव्हता तो आता रोज दुपारी उघडा पडत होता.

थोरल्याच्या चार तासांत चाळीस वाफे भिजायचे. धाकट्याच्या पाळीत दीड तासात पंधरा, की हवा. मग एक वाजेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, तळाशी पाणी साठलं की अर्धा तास इंजिन चालवायचं, पाच वाफे, की पुन्हा हवा. झाले वीस. त्या वाळसर जमिनीत काकडीला चौथ्या दिवशी पाणी लागतं. थोरल्याच्या काकडीला ते तिसऱ्या दिवशी मिळत होतं आणि धाकट्याच्या काकडीला सहाव्या. तहानलेला वेल लगेच मरत नाही. तो फळ धरतो, फळ दिसायलाही गोजिरं असतं, पण तोंडात घातलं की कळतं त्याने मनात काय धरून ठेवलंय ते.

त्या दुपारी ते व्यापाऱ्याला कळलं. त्याने धाकट्याच्या पाटीतली एक काकडी उचलली, टोक मोडलं, चावली आणि जमिनीवर थुंकला. दुसरी घेतली, पुन्हा थुंकला. तिसरी घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. थोरल्याच्या सगळ्या पाट्या त्याने न चाखता गाडीत चढवल्या.

"एकाच विहिरीचं पाणी, एकाच पुडीतलं बी," थोरला म्हणाला. तो अंगाने भरलेला माणूस होता आणि बोलतानाही जागा भरून उरायचा. "चार तास मला, चार तास तुला. मग माझी गोड आणि तुझी कडू का रे?"

धाकट्याने मान खाली घातली. तो उन्हात वाळलेला, कामाला वाघ आणि भावासमोर गाय होता. "पाणी पुरत नाही, दादा."

"पाटात मुरत असेल. पाट नीट ठेवायचा नाही आणि विहिरीला नावं ठेवायची. नाचता येईना अंगण वाकडं." मग आवाज मऊ करून त्याने खरं ते काढलं. "मी काय म्हणतो, रान माझ्याकडे देऊन टाक. पाणी एकहाती राहील. तू, बायको आणि लेक, तिघं माझ्याकडे कामाला या. उपाशी ठेवीन का मी तुम्हाला? रविवारी मेस्त्री येतोय इंजिन बघायला, त्याच्यासमोर सांग काय ते."

"बघतो," धाकटा म्हणाला.

धाकटीच्या अंगाची लाही झाली. स्वतःच्या बांधावरून उठून दुसऱ्याच्या बांधावर मजूर म्हणून उभं राहायचं, त्याच फावड्याने, त्याच पाण्याला दारं धरायची, वाफ्यांची तोंडं फोडायची-बुजवायची, आणि वर उपाशी ठेवत नाही म्हणून हात जोडायचे! ती काही बोलणार तेवढ्यात थोरल्याने तिच्याकडे पाहून हसत म्हटलं, "काय नळबंद, पटतंय का?"

नळबंद हे तिचं सासरचं नाव. दहावीच्या परीक्षेत गणिताच्या पेपरात प्रश्न आला होता: एका नळाने हौद सहा तासांत भरतो, खालच्या नळाने नऊ तासांत रिकामा होतो, दोन्ही नळ चालू असतील तर हौद किती वेळात भरेल? तिने उत्तर लिहिलं, 'आधी खालचा नळ बंद करावा.' गणितात नापास झाली, शाळा सुटली, लग्न झालं. नव्या नवलाईत तिने ही गोष्ट हसत हसत नवऱ्याला सांगितली, नवऱ्याने भोळेपणाने भावाला सांगितली, आणि मग ती गावभर झाली. पाहुणे आले की थोरला आधी पाणी देई आणि मग ही गोष्ट. लोक पोट धरून हसत. धाकटी पाहुण्यांसमोर हसायची आणि चुलीजवळ जाऊन दात आवळायची. अजूनही तिला वाटायचं, की त्या पेपरात तिने शहाणपणाचंच लिहिलं होतं.

पुढचे दोन दिवस दोघा नवराबायकोंनी पाट नीट केला. विहिरीपासून आपल्या बांधापर्यंतचा सगळा पाट. धाकटा चिकणमाती खणून आणायचा, ती पायांनी तुडवायची, मग गुडघ्यांवर बसून हाताने पाटाला आतून लिंपायची. उंदरांची बिळं दगडाने ठेचून बुजवली. माती वाळून तडकू नये म्हणून वर पोती ओली करून टाकली. गुडघ्यांची सालं निघाली. नखांत माती जाऊन बोटं ठणकायला लागली. पाट असा झाला, की त्यात ताट धुवून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी त्याच पाटातून पाणी सोडलं. थेंब मुरला नाही. साडेअकराला इंजिनाने आचका दिला. वाफे पंधरा, दुपारचे पाच, एकूण वीस.

"पाट नाही," धाकटी म्हणाली.

"मग इंजिन असेल," धाकटा म्हणाला.

"इंजिन सहा ते दहा बरं चालतं आणि दहाला आजारी पडतं, होय?"

बांधाच्या पलीकडे तिची जाऊ, थोरल्याची बायको, आपली दारं बुजवत उभी होती. थोरल्याच्या रानात पाणी धरायचं काम तिच्याकडे होतं. काटकुळ्या हातांची ती बाई नवऱ्यासमोर कधी बोलत नसे आणि नवरा नसतानाही बोलायची सवय तिला उरली नव्हती. तिने धाकटीच्या सोललेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, काही म्हणेलसं वाटलं, आणि फावडं खांद्यावर टाकून ती निघून गेली.

शुक्रवारी लेक शाळेतून थेट रानात आली. नववीतली पोर, शाळा सकाळची. साडेअकरा ते एक हा वेळ विहिरीचा होता, माणसांचा नव्हता, म्हणून तिघं इंजिनाच्या छपरात सावलीला बसून जेवली. जेवण झालं तसा धाकटा आडवा झाला आणि लेक वही काढून बसली.

"काय गं ते?"

"शाब्दिक उदाहरणं. डोकं फिरलंय माझं. समीकरण मांडता येतं पण कशाला काय मानायचं तेच कळत नाही."

"मानायचं कशाला? माहीत असेल ते लिहावं, नसेल ते गप्प राहावं."

"म्हणून तू नापास झालीस," लेक म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

पण धाकटी रागावली नाही. "बरं, तूच सांग की पास झालेली. मानायचं म्हणजे काय?"

लेक विचार करत राहिली. तिलाही ते पहिल्यांदाच कुणाला सांगायची वेळ आली होती. "मानायचं म्हणजे खोटं बोलायचं नाही, आई. ठाऊक नाही हे कबूलच करायचं. पण त्याला एक नाव द्यायचं, म्हणजे ते हातातून निसटत नाही. मग ते कुणाशी कसं वागतं ते लिहायचं. लिहीत गेलं की शेवटी ते स्वतःच सांगतं, मी कोण आहे ते."

"तुमच्या बाईंनी सांगितलं असं?"

"बाईंनी फक्त 'एक्स मानू' सांगितलं."

"आमच्या वेळी क्ष होता." धाकटीने इंजिनाकडे पाहिलं, मग विहिरीच्या काठाकडे. तिच्या डोक्यात काहीतरी हललं. तिला वाटलं, आपला हौद तर समोर आहे. वरून झरा भरतोय, खालून इंजिन रिकामा करतंय, आणि दोन्ही चालू. नळ बंद करायची सोय नाही. "दे ती पेन्सिल."

"तू?"

"दे म्हणते ना."

माप तिला शोधावं लागलं नाही. वाफा हेच तिचं माप. इंजिन तासाला दहा वाफे भरतं, हे ती झोपेत सांगू शकली असती. ठाऊक नव्हता तो झरा. दगडाच्या सांदीतून येणारं ते पाणी कुणी कधी मोजलं नव्हतं. तिने वहीच्या मागच्या पानावर मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं: झरा तासाला क्ष वाफे पाणी देतो असे मानू.

एवढं लिहून ती त्याकडे बघत बसली. सोळा वर्षांपूर्वी हे वाक्य लिहिताना तिला लबाडी केल्यासारखं वाटायचं. आज वाटलं, की कुणाची तरी कॉलर पकडलीय.

"साडेअकराला विहीर रिकामी. एकला इंजिन चालू. म्हणजे दीड तास पाणी साठलं. त्यात पाच वाफे निघाले," ती बोलत बोलत लिहीत होती. "दीड क्ष बरोबर पाच. मग क्ष?"

"तीन पूर्णांक एक तृतीयांश," लेक म्हणाली. "आई, तुला येतंय की!"

"थांब, नाचू नकोस. पडताळा." तिला आपल्या उत्तरांवर भरवसा ठेवायची सवय कुणी लावली नव्हती, त्याचा आज उपयोग झाला. "विहीर रोज तळ गाठते. म्हणजे चोवीस तासांत जेवढं येतं तेवढंच जातं. चोवीस गुणिले ते तुझं तीन आणि वरचं."

"ऐंशी."

"वाफे भिजतात किती? त्यांचे चाळीस, आपले वीस. साठ. वीस वाफे पाणी गेलं कुठं?"

लेकीने पुन्हा गुणून पाहिलं. धाकटा डोळे मिटूनच म्हणाला, "मुरत असेल."

"आता मुरायचं नाव काढलंत तर बघा," धाकटी म्हणाली.

ते वीस वाफे तिच्या डोक्यात बसले. भांडी घासताना, खुरपताना, काकडीचे वेल वळवताना ती तेच घोळवत राहिली. उत्तर चुकलंय हे दिसत होतं, पण घोडं कुठं पेंड खातंय ते कळत नव्हतं.

शनिवारी एकच्या पाळीला पाण्यात पाला आला. पाइपाच्या टोकाची जाळी साफ करायला एरवी धाकटा उतरायचा, पण त्याच्या पायात काटा मोडला होता, म्हणून पदर खोचून ती उतरली. दगडी पायऱ्या, मग दोराला धरून खाली. घोटाभर थंड पाणी होतं. वरच्या उन्हातून आलेल्या अंगावर त्या गारव्याने काटा आला. तिने जाळी ओढून पाला काढला, हात वर केला, धाकट्याने इंजिन चालू केलं. पाइप थरथरला, पाणी खाली जायला लागलं, घोट्यावरून टाचेवर. ती भिंतीला धरून उभी होती आणि तिच्या डाव्या पायावर सांदीतून झरा पडत होता. इंजिन चालू होतं, पाणी उपसलं जात होतं, आणि झरा आपला पडतच होता.

"अगं बाई!" ती विहिरीच्या तळातून ओरडली.

"काय झालं? साप आहे का?" वरून दोन डोकी डोकावली.

"इंजिन चालू असताना झरा थांबतो होय गं? मी त्याला थांबवून ठेवला कागदावर! दीड तास नाही, दोन तास! अर्धा तास इंजिन चालतं तेव्हाही तो पाणी देतोच की! दोन क्ष बरोबर पाच!"

"अडीच!" लेक वरून किंचाळली.

"चोवीस गुणिले अडीच?"

"साठ! आई, साठ!"

धाकट्याला एवढंच कळलं, की साप नाही. त्याने दोर सोडला. ती वर आली तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि तोंडभर हसत होती. पण छपरात बसून तिने बाकीचं मांडलं तसं ते हसू गेलं. सकाळी सहाला विहिरीत काय असतं त्याला तिने य मानलं. य आणि साडेपाच तासांचा झरा मिळून पंचावन्न वाफे. य आला सव्वाएकेचाळीस. म्हणजे रात्रभर झरलेलं सगळं पाणी पहाटे विहिरीत उभं, आणि त्यावर पहिला हात थोरल्याचा. त्याचं संपल्यावर विहिरीत उरतात सव्वाअकरा वाफे आणि रडका झरा, ती यांची पाळी. तास सारखे, पाणी दुप्पट-निम्मं. सासऱ्यांनी खोटं केलं नव्हतं. त्यांच्या काळात विहीर आटत नव्हती, तेव्हा चार तास म्हणजे चार तासच होते. आज ते तसे नव्हते, आणि घड्याळ तेच टांगलेलं होतं.

"काकडी कडू आपल्या हाताने झाली नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "कळलं का तुम्हाला? आपल्या हाताने नाही."

धाकट्याने वहीचं पान हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं. "दादाला हे पटायचं नाही."

"न पटू दे. बरोबर आहे ते बरोबर आहे."

रविवारी मेस्त्री आला. म्हातारा, तेलकट, कमी बोलणारा. पंचक्रोशीतली सगळी इंजिनं त्याच्या शब्दावर चालायची. त्याने इंजिन उघडलं, पाहिलं, बंद केलं. "एकदम ठणठणीत. तासाला दहा वाफे म्हणजे दहा. पहिल्या तासाला तेच, चौथ्याला तेच."

"झालं तर," थोरला म्हणाला. "पाट बघितला, इंजिन बघितलं. आता राहिले हात. बोल रे, रान कधी देतोस?"

धाकट्याने घसा खाकरला. त्याचा शब्द बाहेर येईपर्यंत दिवस मावळला असता. धाकटी पुढे झाली.

"रान देणार नाही, दादा. वाटणी चुकलीय."

थोरल्याने मेस्त्रीकडे पाहून डोळे मिचकावले. "ही आमची नळबंद. मेस्त्री, तुम्हाला ती गोष्ट सांगितली का?"

"गोष्ट नंतर सांगा, आधी ऐका. रोज साठ वाफे पाणी येतं विहिरीला. तुम्ही चाळीस घेता, आम्हाला वीस उरतं. सारखं करायचं तर तीस-तीस. तुम्ही नऊला थांबायचं, नऊपासून आम्ही."

"कुणी सांगितलं साठ?"

"मी मांडलं." तिने वही पुढे केली.

त्याने ती घेतली नाही. "चार तास तुम्हाला, चार तास आम्हाला. हे बापाने सांगितलेलं आहे. तुझा क्ष आमच्या बापापेक्षा मोठा झाला का?"

"मामंजींनी पाणी वाटलं होतं, घड्याळ नव्हतं वाटलं."

"जावेसारखं गप्प राहायला शिक जरा. चार तास म्हणजे चार तास!"

"बरं," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज आता अगदी शांत झाला होता. "चार तास म्हणजे चार तास ना? सारखेच ना? मग उद्या आम्ही सहाला येतो, तुम्ही दहाला या."

थोरल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. नाही म्हणावं, तर चार तास सारखे नाहीत असं आपल्याच तोंडाने कबूल करणं होतं.

"आणि आताच सांगून ठेवते, मेस्त्री, तुम्ही साक्षीला. आमचे चाळीस भिजतील. यांचे पंधरा झाले की साडेअकराला इंजिन हवा ओढेल. एकला सुरू केलं तर आणखी पाच. पहिली हवा साडेबाराला ओढली किंवा त्याआधी सोळावा वाफा भिजला, तर रान यांचं. मी स्वतः फावडं आणून देईन."

"अगं!" धाकटा कळवळला.

"काय हरकत आहे?" मेस्त्री हात पुसत म्हणाला. त्याला मजा वाटायला लागली होती. "मी येतो साडेअकराला."

सोमवारी सहाला धाकट्याने इंजिन सुरू केलं. भरल्या विहिरीचं पाणी पाटात आलं ते पाट काठोकाठ भरून. धाकटीला दारं बदलायला उसंत मिळेना. एक वाफा भरतोय तोवर पुढचं दार फोडायचं, मागचं बुजवायचं, चिखलात पाय रुतवत पुढे पळायचं. सहा मिनिटांना एक वाफा. वेल पाणी पिताना तिने कितीतरी दिवसांनी पाहिले. लेक शाळा बुडवून बांधावर मोजत होती. दहाला चाळिसावा वाफा भरला आणि धाकटीने न सांगता दार बुजवलं.

थोरला दहाच्या ठोक्याला आला. आज तो स्वतः छपरात बसला. पलीकडे जाऊ पाणी धरत होती. अकरा वाजले. सव्वाअकराला मेस्त्री आला, खाली टेकला, बिडी शिलगावली. धाकटी उभीच होती. कागदावर बरोबर आलेलं गणित एक गोष्ट आणि विहीर दुसरी; एखादी सांद रात्रीत मोकळी झाली असेल, क्ष अडीचचा पावणेतीन झाला असेल, तर गेलं सगळं.

साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना फेस आला. मग फसफस. मग आचका.

मेस्त्रीने उठून इंजिन बंद केलं, कारण थोरला जागचा हलला नाही. पलीकडून जावेचा बारीक आवाज आला, "पंधरा झाले!"

थोरला ताडकन उठला. "काहीतरी केलंय यांनी. जाळीत चिंधी कोंबलीय!" कुणी काही म्हणायच्या आत तो दोर धरून विहिरीत उतरला. वरून सगळे बघत होते. त्याने जाळी खरवडली, पाइप चाचपला, तळाच्या चिखलात हात घातले. झरा त्याच्या पाठीवर पडत होता. वर आला तेव्हा सदरा चिखलाने भरला होता आणि हात रिकामे होते.

"काही नाही ना?" मेस्त्रीने विचारलं. "नसणारच. तुमच्या भावजयीने पाणी मोजलंय, दुसरं काय."

"मोजू दे. बापाचा शब्द आहे. पहिली पाळी थोरल्याची आणि दहापर्यंत." थोरल्याने मेस्त्रीकडे पाठ केली. "उद्या सहाला मी येतोय. कुणाच्या बापाला घाबरत नाही."

"मी काय, इंजिनवाला माणूस," मेस्त्री धाकटीला जाताना हळूच म्हणाला. "हुकूम कुणाला देणार मी? खरं आहे ते दिसलं, एवढंच. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

ती रात्रभर डोळे उघडे ठेवून पडली नाही. छान झोपली. आता शोधायचं काही राहिलं नव्हतं, करायचंच राहिलं होतं.

मंगळवारी सहाला थोरल्याने पाळी सुरू केली. धाकटी नऊला पाच कमी असताना आली. सोबत धाकटा होता, हातात डिझेलचा डबा. लेकीला त्यांनी पहिल्या वाफ्यापाशी उभं केलं. छपरातल्या घड्याळात नऊ वाजले तसा धाकटा आत गेला, टाकीचं झाकण काढलं आणि आपलं डिझेल टाकीत ओतलं. ज्याची पाळी त्याचं डिझेल, हा तिथला नेम. थोडं सांडलं, पण ओतलं. थोरला बघतच राहिला. धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो डबा घेऊन इंजिनाला पाठ लावून उभा राहिला.

बाहेर धाकटीने फावडं उचललं. जिथं पाट दोघांच्या रानांकडे फुटतो तिथं तिने थोरल्याकडचं दार चार फावड्यांत बुजवलं आणि आपल्याकडचं फोडलं. पाणी क्षणभर घुटमळलं, मग वळलं.

"ए!" थोरला धावत आला. त्याने तिचं फावडं हिसकावलं. "दार बुजव आधी. बुजव म्हणतो!"

"तीस झाले तुमचे."

"बाजूला हो."

ती बाजूला झाली नाही. चप्पल काढून ती फुटलेल्या दारात उतरली आणि दोन्ही पाय रोवून उभी राहिली. पाणी तिच्या घोट्यांना वळसा घालून तिच्या रानाकडे जात होतं.

"बुजवा ना," ती म्हणाली. "माझ्या पायांवर बुजवा."

थोरल्याने फावडंभर चिखल उचलला आणि टाकला. तो तिच्या पावलांवर पडला. त्याने दुसरं टाकलं. खड्यांनी गुडघ्याची कोवळी खपली निघाली आणि चिखलावरून रक्ताची एक बारीक रेघ खाली आली. ती हलली नाही. तिला रडू येत होतं आणि ती रडत नव्हती. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. पाणी चिखलाच्या कडेने वाट काढत जातच होतं.

"अजून टाका," ती म्हणाली. "गळ्यापर्यंत टाका. पण तीस म्हणजे तीस."

तिसऱ्यांदा फावडं वर गेलं आणि वरच थांबलं. मागून कुणीतरी दांडा धरला होता. थोरला वळला. जाऊ उभी होती, ओल्या लुगड्याने, काटकुळे हात दांड्याला लावून.

"तीस झालेत आपले," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की इंजिनाच्या आवाजात ऐकायला कान द्यावा लागला. "मीच पाणी धरते. रोज चाळीस मोजते, आणि रोज बांधापलीकडं वीस मोजते. आज तीस झाले. पुरतात आपल्याला."

"तुला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं कुणी," जाऊ म्हणाली, आणि दांडा सोडला नाही.

थोरल्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा छपरातल्या भावाकडे, जो पाठ लावून उभा होता तो उभाच होता. मग त्याने फावडं सोडून दिलं. दोन पावलं गेला आणि वळून धाकटीकडे बोट रोखलं.

"उद्या बघतो मी."

"बघा की," धाकटी म्हणाली. "उद्याही नऊलाच येणार आहे मी. परवाही."

तो गेला. तिने पाय उचलून पाहिले. चिखलाने ते धरून ठेवले होते. जावेने वाकून दोन्ही हातांनी तिच्या घोट्याभोवतीचा चिखल बाजूला केला आणि त्याच चिखलाने आपल्याकडचं दार पक्कं लिंपून टाकलं. लांबून लेकीची हाक आली, की पहिला वाफा काठोकाठ झाला, आता काय करू?

"विचारतेस काय?" धाकटी ओरडली. "पुढचं दार फोड!"